तापला गिअरबॉक्स पाण्यात घालू नये

बाळा, ओढ्यात ट्रॅक्टर घालण्याआधी खाली उतर आणि गिअरबॉक्सला हात लावून बघ. उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर टाकून आलेल्या ट्रॅक्टरच्या हाउसिंगवर हात ठरत नाही. तसाच तो गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. 70 अंशांवरून 25 वर उतरली तर जवळजवळ आठवा हिस्सा कमी होते. मग गिअरबॉक्स बाहेरून ओढ घेतो, आणि बाहेर पाणी असलं तर पाणीच ओढतो. ऑइल सील आतलं तेल धरून ठेवायला बसवलेलं असतं, बाहेरची ओढ त्याला सोसत नाही. म्हणून नवं सील असूनही ऑइलात पाणी सापडतं. काठावर उभा कर, निवू दे, मग घाल. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर घालूच नको. तिथं गिअरबॉक्सचा नाही, जिवाचा प्रश्न असतो.

हवेची ही ये-जा व्हावी म्हणून वर ब्रीदर दिलेला असतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यात बसून वाळला की दगड होतो. मग तापल्यावर दाब सीलावर येतो, निवल्यावर ओढही सीलावरच. दर पावसाळ्याआधी ब्रीदर काढून डिझेलनं धू. जीप असेल तर गिअरबॉक्सच्या आणि दोन्ही डिफरन्शियलच्या ब्रीदरना डिझेलची नळी जोडून ती बॉनेटखाली, एअर क्लीनरच्या उंचीला ने. नळीला मध्ये झोळ पडू देऊ नको, तिथं पाणी साचतं. तोंड खाली वळवून बारीक जाळी बांध, नाहीतर कुंभारमाशी आत घर करते. नळीचं तोंड बुजवून टाकणं मात्र सगळ्यात वाईट.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सात ओढ्यापेक्षा अंगणातलंच पाणी जास्त जातं, हे पोरांना पटत नाही. गिअर लिव्हरचं रबर उन्हानं तडकतं, पाऊस लिव्हरवरून ओघळत थेट आत. रबर शंभर-दोनशे रुपयांना मिळतं, ते बदलायला का टाळतात कळत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ऑइल ब्रेक एकाच तेलावर चालतात, म्हणजे एका फाटक्या रबरापायी तिन्ही जातात. धुवायलाही कामावरून आल्या आल्या नेऊ नको, आणि प्रेशरचा फवारा सीलावर, ब्रीदरवर, लिव्हरच्या बुडाशी धरू देऊ नको.

तेलात पाणी गेल्याची शंका आली तर ट्रॅक्टर रात्रभर हलवू नको. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसतं. सकाळी ड्रेन प्लग फक्त ढिला कर, पहिल्यांदा पाणीच टपकेल. तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर दोन्ही मिसळलेत. थोडंच असेल आणि डोळ्यांना दिसत नसेल, तर तापल्या तव्यावर लांबून एक थेंब टाक. चरचरला तर पाणी आहे.

2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं पुरातून माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तसल्या पुरात ट्रॅक्टर बुडाला, तर आधी स्टार्टर मारायचा नाही, ओढूनही न्यायचा नाही. गिअर फिरले की पाणी बेअरिंगांत जातं. इंजिनाचं काम मिस्त्रीकडून होईपर्यंत गिअरबॉक्स रिकामा कर, पुस्तकात सांगितलेलंच ऑइल भर, इंजिन नीट झाल्यावर थोडा वेळ बिनओझ्याचा चालव आणि गरम असतानाच ते सगळं काढून टाक. मग पुन्हा नवं भर. आठवड्यानं तळचा प्लग परत ढिला करून बघ.