दुर्बीण आणि नेत्र

दुर्बीण उत्तम की मध्यम, हे केवळ तिच्या भिंगांवरून ठरत नाही. तिच्यामागे नेत्र असतो. आम्ही आपल्या नगरचाच दाखला घेतो. शहराच्या पूर्वेस सुमारे 13 किलोमीटरांवर डोंगरमाथ्यावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. निरोगी नेत्रास एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, भेद कळतो. म्हणून शहरातून त्या इमारतीचे पावणेचार मीटरांहून लहान भाग निरनिराळे दिसत नाहीत. सात पट मोठे दाखविणारी दुर्बीण लावल्यास ही मर्यादा अर्ध्या मीटरावर येते. तिची पुढील काच 50 मिलिमीटर रुंद असेल, तर मागून 7 मिलिमीटर रुंदीची किरणशलाका निघते. परंतु भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. उरलेला प्रकाश व्यर्थ जातो. रात्री बाहुली विस्तारते, तेव्हा तीच रुंद काच सार्थकी लागते.

स्वीडनचे नेत्रवैद्य गुलस्ट्रांड यांनी नेत्राचे गणिती प्रतिरूप रचले; त्यांस 1911 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हल्ली रचनाकार असा कल्पित नेत्र संगणकात दुर्बिणीमागे ठेवून, काच घासण्यापूर्वीच, दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा तपासतात. विद्यार्थीमित्रहो, साधन ज्याच्यासाठी करावयाचे, त्याची शक्ती व मर्यादा आधी जाणावी, हाच या पाठाचा बोध होय.