शब्दसूचीचे संगणकीय साधन : पायथनमधील संच आणि इटरेटर

एखाद्या ग्रंथाची शब्दसूची सिद्ध करताना अभ्यासकापुढे दोन भिन्न प्रश्न असतात. अमुक शब्द ग्रंथात आहे की नाही, हा पहिला. तो कोठे आणि किती वेळा आला, हा दुसरा. पायथन या संगणकभाषेतील 'सेट', म्हणजे संच, केवळ पहिल्याचे उत्तर देतो. 'पाणी' हा शब्द चाळीस वेळा आला तरी संचात तो एकदाच राहतो. वारंवारता हवी असल्यास 'काउंटर' योजावा लागतो. संचाला क्रमही नसतो. प्रत्येक शब्दापासून 'हॅश' नावाची एक संख्या काढून तिच्या आधारे त्याची जागा ठरते. त्यामुळे शोध त्वरित लागतो खरा. परंतु २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून शब्दांच्या या संख्या आज्ञावलीच्या दर खेपेस बदलतात, आणि एकाच ग्रंथाचा संच सकाळी एका क्रमाने तर सायंकाळी दुसऱ्या क्रमाने छापला जाऊ शकतो.

इटरेटर हा संग्रहच नव्हे. मागितल्यावर पुढचा घटक हाती देणे, एवढेच त्याचे कार्य. मागे वळण्याची सोय त्यात नाही. संचावरून जितके इटरेटर हवे तितके नव्याने काढता येतात. उघडलेली फाइल मात्र स्वतःच इटरेटर असते. तिच्या ओळी मोजून झाल्यावर तिच्यातूनच शब्दांचा संच करू गेल्यास तो रिकामा निघतो, आणि संगणक कसलीही तक्रार करीत नाही. याउलट, संचावर फेरी चालू असता त्यातील शब्द वगळला तर आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. फेरी संचाच्या प्रतीवर घेतली की हा प्रश्न मिटतो. थांबणारी चूक परवडते, मुकाट्याने शून्य देणारी नव्हे.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ हा युनिकोडमध्ये एका संकेताने, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही. संच मात्र ते दोन शब्द मानतो. म्हणून संच करण्यापूर्वी सर्व शब्द एकाच संकेतरूपात आणणे अपरिहार्य ठरते. पुढे 'सॉर्टेड'ने सूची लावली तरी ती संकेतक्रमाने लागते : ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जातो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ यांचे स्थान ह च्या नंतर आहे. तो क्रम संपादकालाच आज्ञावलीत स्वतंत्रपणे सांगावा लागतो.