रानातला चौसिंगा, तळातली मुशी

राजापूर तालुक्याची एक कड सह्याद्रीला टेकते, दुसरी समुद्राला. म्हणून हा पाठ दोघांचा. पानझडी जंगलातला चौसिंगा हरणासारखा दिसला, तरी कुरंग गटातला. नराची शिंगे गळत नाहीत, आणि ती चार! दुसऱ्या कोणत्याही रानटी प्राण्याला अशी नाहीत. बांबू शार्क म्हणजे हातभर लांबीची मुशी. तिच्या अंगात हाडच नाही, सांगाडा सारा कूर्चेचा. तळाशी पडल्या पडल्या ती कल्ल्यांतून पाणी खेळवते. चौसिंग्याची मादी सुमारे आठ महिन्यांनी एक-दोन पाडसे देते; मुशी एका वेळी अंड्यांचे दोनच कोश घालते. वाढ इतकी सावकाश, तिथे रानातली फासकी आणि तळ खरवडणारे जाळे दोन्ही सारखीच घातक. चौसिंग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मुशी मात्र बाजारात येते ती मोरीच्या टोपलीतून, पिल्लांसकट.