वस्तु, गुण आणि नोंदवही

पिंपरी-चिंचवडहून चाकणकडे जाऊं लागलें म्हणजे मोटारींचे सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने लागतात. तेथील साध्या बोल्टासही लांबी, व्यास, काठिण्य असे गुण असतात. तपासनीस ते मोजतो व नोंदवितो. हल्लीं ही नोंद बहुधा संगणकांत जाते. तेथें वस्तूस गुण कसे बसवितात व त्यांत आम्हीं एकदां कसा गोता खाल्ला, तें विद्यार्थिमित्रांस सांगावयाचें आहे.

पायथन ही संगणकभाषा १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत लिहिलेली जँगो नांवाची चौकट अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मली व २००५ सालीं सर्वांस खुली झाली. (नांव मात्र एका गिटारवादकाचें!) जँगोंत प्रत्येक प्रकारच्या नोंदीचा साचा अगोदर लिहावा लागतो, त्यास मॉडेल म्हणतात. साच्यांत जे रकाने, तेच डेटाबेसाच्या तक्त्यांत.

‘बोल्ट.लांबी = ४०’ असें लिहिलें कीं गुण बसला. परंतु गुणाचें नांवच आधीं ठाऊक नसेल तर? एक ग्राहक काठिण्य मागतो, दुसरा जस्ताच्या लेपाची जाडी. प्रत्येकाचा कागद निराळा. अशा वेळीं ‘सेटॲटर(बोल्ट, नांव, मूल्य)’ हें साधन कामीं येतें. नांव कागदाच्या मथळ्यांतून घ्यावें, मूल्य त्याखालच्या घरांतून. दोन ओळींच्या फेऱ्यांत पन्नास रकाने भरतात.

चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यासाठीं आम्हीं अशीच वही रचिली. साच्यांत रकाना होता ‘काठिण्य’. आलेल्या कागदावर मथळा होता ‘कठिण्य’. सेटॲटरनें तक्रार केली नाहीं. वस्तूस नवा गुण चिकटविणें हा पायथनच्या लेखीं अपराध नव्हे. २८ हा आंकडा त्या भलत्या नांवावर निमूटपणें चढला. आम्हीं तो पडद्यावर पाहिला, तोही बरोबर दिसला! मग ‘सेव्ह’ म्हटलें. सेव्ह मात्र साच्यांतील रकानेच तक्त्यांत उतरवितें. परक्या गुणाकडे पाहतही नाहीं. रकाना रिकामा ठेवण्याची मुभा आम्हींच दिली होती, म्हणून तेथेंही कोणी अडविलें नाहीं. ग्राहकानें काठिण्याची नोंद मागितली तेव्हां बांधलेल्या पेट्या पुन्हां उघडून बोल्ट पुन्हां यंत्राखालीं धरावे लागले. रात्रपाळीचा तपासनीस आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. तेंच अधिक लागलें.

मौज अशी कीं, बोल्टाची नोंद प्रथम घडवितांनाच साच्यास तें चुकीचें नांव दिलें असतें, तर जँगोनें तेथल्या तेथें नकार दिला असता. आतां आम्ही फेरीपूर्वीं साच्याच्या ‘मेटा’ नामक माहितींतून रकान्यांची यादी घेतों व मथळा तींत नसला तर काम थांबवितों. इतकेंही पुरत नाहीं. ‘मंजूर’ हाही साच्यांतलाच रकाना. तो बाहेरच्या कागदानें भरूं दिला तर माल पाठविणाराच आपला माल पास करील! म्हणून बाहेरून भरतां येणाऱ्या रकान्यांची निराळी यादी आम्ही हातानें लिहितों.

शिवाय सेव्ह मूल्यांची पूर्ण तपासणी आपण होऊन करीत नाहीं; त्यासाठीं ‘फुल क्लीन’ मुद्दाम बोलवावें लागतें. २८ च्या जागीं २८० पडले तर तें अडवील, पण मर्यादा साच्यांत लिहिलेली असेल तरच. विद्यार्थ्यांनीं दोन रकान्यांचा साचा करावा, सेटॲटरला मुद्दाम चुकीचें नांव द्यावें, सेव्ह करून तीच नोंद तक्त्यांतून पुन्हां मागवावी आणि काय हातीं येतें तें पाहावें.