टाचेमागची गाठ

१. बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. माळकरी, काटकुळे, रोज सायकलवर. ‘असल्या माणसाला अटॅक?’ तेराव्यापर्यंत सगळे हेच विचारत होते. दोन्ही टाचांच्या मागच्या जाड शिरेवर त्यांना टणक गाठी होत्या. बूट घासायचे, म्हणून ते बुटाची मागची बाजू दाबून सपातेसारखे घालायचे. आई ओरडायची. त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या असतात, हे आम्हाला वीस वर्षांनी कळलं.

२. माझं एलडीएल कोलेस्टेरॉल २६८ निघालं, तेव्हा आजाराचं नाव मिळालं : फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. यकृतावरचे रिसेप्टर रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. बहुतेक वेळा त्यांच्याच जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते, मग निचरा अर्धाच. मोरी तुंबलेली, नळ चालू. हे कोडं उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. आजार दुर्मिळही नाही. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो.

३. पथ्यावर भिस्त ठेवू नये. तूप सोडलं, चार किलो उतरलो, सहा महिने शेजाऱ्यांनी सुचवलेला अर्जुनसालीचा काढाही गिळला. एलडीएल २४१. स्टॅटिन आणि एझेटिमाइब सुरू केल्यावर १०४. अजून खाली आणायचंय. ‘गोळीची सवय लागेल’ म्हणणाऱ्यांना मी सांगतो, लागू दे की!

४. धाकटा भाऊ म्हणायचा, ‘दादा, मला काही होत नाही.’ अडतिसाव्या वर्षी जिना चढताना त्याचा जबडा दुखायला लागला. छाती नव्हे, जबडा. दाताच्या डॉक्टरकडे दोन फेऱ्या झाल्या, एकदा पित्ताची गोळीही मिळाली. ईसीजी तिसऱ्या आठवड्यात. आता दोन स्टेंट आहेत.

५. मुलांकडे हा दोष जाण्याची शक्यता निम्मी. लेक नऊ वर्षांची झाल्यावर तिचं रक्त तपासायचं ठरवलं, तर घरात पहिला प्रश्न आला, ‘उद्या लग्नाच्या वेळी सांगायचं काय?’ बाबांच्या लग्नात कुणी काही विचारलं नव्हतं, एवढंच मी म्हणालो. रिपोर्ट आला : १९६. तिला सुई टोचल्याचा राग होता, आकड्याचा नाही.

६. नातेवाइकांना फोनवर सांगून भागत नाही. सोबत जाऊन रक्त द्यायला लावावं लागतं. आत्याच्या टाचा मी गेल्या गणपतीत पाहिल्या. ती म्हणते, ‘आषाढी होऊ दे, मग बघू.’