ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी सवलतीचा प्रवास : लंडनच्या जुन्या मंडळींकडून नव्यांना

नवीन आलेल्या कुटुंबाचे घर, शाळा, डॉक्टर हे प्रश्न पहिल्या दोन-तीन महिन्यांत मार्गी लागतात. घरातल्या मोठ्यांनी कुठे जायचे-यायचे कसे, हा प्रश्न मात्र ते घरात बसून कंटाळले की मग सुचतो. म्हणून तो विषय या वेळी घेतला. ज्यांनी ज्यांनी लिहून पाठवले त्यांचे लेखन फारशी काटछाट न करता देत आहोत. मते ज्याची त्याची.

हॅरोचे एक काका (निवृत्त, आयुष्य हिशेब तपासण्यात गेले)

मुद्द्याचेच लिहितो.

पहिली गोष्ट वयाची. लंडनमध्ये कायम राहणाऱ्याला साठ पूर्ण झाली की मोफत प्रवासाचे 60+ ऑयस्टर फोटोकार्ड मिळते. अर्ज ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे, ऑनलाइन. शुल्क आहे, आणि दरवर्षी पत्त्याची पडताळणी होते तेव्हाही थोडे पैसे पडतात. तरी घ्यावे. पहिल्याच महिन्यात वसूल होते.

त्यानंतर फ्रीडम पास, तोही मोफत प्रवासाचाच. हा 1973 पासून चालू आहे आणि त्याचा खर्च लंडनच्या 32 बरो (म्हणजे स्थानिक कौन्सिल) आणि सिटी ऑफ लंडन उचलतात. याचे वय सरकारी पेन्शनच्या वयाशी बांधलेले आहे. आजवर ते 66 होते. 6 एप्रिल 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते महिन्या-महिन्याने वाढत 67 पर्यंत जाणार आहे. आपल्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख घातलेले लोक खोऱ्याने आहेत. खरा जन्म दिवाळीतला असला तरी पासपोर्टवर जे आहे तेच धरले जाते, तिथे वाद घालू नये. पासपोर्टवर 1 जून 1960 असेल तर वय 66 वर्षे 2 महिने धरा. म्हणजे 1 ऑगस्ट 2026.

वेळा. सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतर. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला दिवसभर. पूर्वी ज्येष्ठांना सकाळीही चालत असे. 2020 च्या जूनमध्ये कोविडमुळे ते थांबवले आणि पुढे तसेच कायम केले. नॅशनल रेल्वेच्या बहुतेक गाड्यांना आठवड्यात साडेनऊनंतर. डॉक्टरची वेळ सकाळी साडेआठची देत असतील तर सरळ सांगावे, दहानंतरची द्या. देतात.

चालतो कुठे : बस, ट्यूब, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन, डीएलआर, ट्राम. हीथ्रोला पिकाडिली किंवा एलिझाबेथ लाइनने जावे. हीथ्रो एक्सप्रेसला हा पास चालत नाही. तीत बसलात तर पूर्ण तिकीट.

लंडनबाहेर इंग्लंडभर स्थानिक बसला फ्रीडम पास चालतो, आठवड्यात साडेनऊ ते रात्री अकरा. 60+ कार्ड बाहेर चालत नाही. ब्राइटनला गेलेल्या आमच्या एका मित्राचा ड्रायव्हरशी याच गोष्टीवरून खटका उडाला.

पास दुसऱ्याला वापरायला देऊ नये. वर फोटो असतो आणि तपासनीस येतात. "जावईबापू दोन दिवसांसाठी आलेत" हे कारण तिथे चालत नाही, खटला होतो.

जे सहा महिन्यांसाठी येतात त्यांचे काय? (वेम्बलीहून एक सून)

सासूबाई-सासरे दरवर्षी व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांना फ्रीडम पास मिळत नाही, 60+ कार्डही नाही. राहते घर लंडनमध्ये हवे, ही अट आहे. गावाकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाल्यापासून (2022 ची अमृत योजना) सासऱ्यांची समजूत अशी की वय सांगितले की कंडक्टर मान डोलावतो. इथे बसला कंडक्टर नाही आणि वय विचारणारेही कोणी नाही.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिनियर रेलकार्डाला इथला रहिवासी असण्याची अट नाही. साठ पूर्ण आणि पासपोर्ट, एवढे पुरे. वर्षाला 35 पौंड, रेल्वेच्या तिकिटात एक तृतीयांश सूट. सकाळच्या गर्दीच्या वेळी लंडन आणि आग्नेय भागात चालत नाही, पण म्हातारी माणसे त्या वेळी निघतात कशाला? यातली खरी युक्ती पुढे आहे. साधे ऑयस्टर कार्ड आणि रेलकार्ड घेऊन ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जा आणि "रेलकार्डची सवलत यावर चढवून द्या" म्हणा. तो मशीनवर दोन मिनिटांत करून देतो. मग गर्दीबाहेरच्या वेळी ट्यूबचे भाडेही एक तृतीयांशाने कमी. हे बँकेच्या कार्डावर किंवा फोनवर होत नाही, ऑयस्टरच लागते.

बसला ही सूट नाही. पण बसचे भाडे कितीही लांब गेले तरी एकच, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस फुकट. सासूबाई साउथॉलला भाजी आणायला जातात तेव्हा याचा हिशेब त्यांनाच माझ्यापेक्षा चांगला येतो.

मुलाच्या पासाची कथा (एक आई, बरोचे नाव मुद्दाम देत नाही)

मला नीट क्रमाने लिहायला जमणार नाही, राग अजून गेलेला नाही.

आमचा मुलगा सतरा वर्षांचा. बौद्धिक अक्षमता आहे, लहानपणापासून. पुण्याहून निघताना सगळी फाइल लॅमिनेट करून आणली होती. सिव्हिल सर्जनची सही, गोल शिक्का, 75 टक्के असे ठळक अक्षरात. इथे बरोच्या कार्यालयातल्या बाईंनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, हे टक्के कशाचे? भारतात ज्या आकड्यावर बस, रेल्वे, आयकर सगळे चालते, त्याला इथे काडीची किंमत नाही. इथे कायद्यात ठरलेल्या सात प्रकारांपैकी एकात बसावे लागते : अंध किंवा अंशतः अंध, पूर्ण किंवा तीव्र बहिरेपण, बोलता न येणे, चालण्यावर गंभीर आणि दीर्घ परिणाम, दोन्ही हात नसणे किंवा त्यांचा उपयोग नसणे, बौद्धिक अक्षमता, आणि वैद्यकीय कारणाने ड्रायव्हिंग लायसन्स नाकारले जाईल अशी स्थिती. यात बसले की दिव्यांगांच्या फ्रीडम पासचा अर्ज बरोकडे करायचा. ज्येष्ठांच्या पासाचा मार्ग वेगळा, तो इथे लागू नाही.

मग म्हणाले, जीपीचे (नेहमीच्या डॉक्टरचे) पत्र आणा. जीपीने पत्राचे पैसे घेतले. पत्र दिले तर म्हणाले, जीपीचे मत आम्ही धरत नाही, तज्ज्ञाचे हवे. तज्ज्ञाची वाट पाहण्यात उन्हाळा गेला. मधल्या काळात अर्ज "अपुरा" म्हणून बंद केला. फोन केला की संगीत वाजायचे. मी त्या संगीतावर वरण-भात शिजवलेला आहे. शेवटी कॉलेजातल्या एका शहाण्या बाईने सांगितले की मुलाचा इथला ईएचसी प्लॅन, म्हणजे शिक्षण आणि आरोग्याचा आराखडा, जोडा. तो जोडला आणि पास आला. एवढेच हवे होते, तर पहिल्या दिवशी सांगायला तोंडाला काय झाले होते?

म्हणून सांगते. मूल शाळेत घातले की त्याच महिन्यात तो आराखडा मागा. भारतातले कागद जोडा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पीआयपी हा भत्ता मिळत असेल आणि त्यात चालण्याफिरण्याच्या भागात 8 किंवा अधिक गुण असतील तर पुढचे प्रश्न विचारत नाहीत. दिव्यांगांच्या पासाला ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या गाड्यांत 9 ची अट नाही, दिवसभर चालतो. मुलगा सकाळी आठला कॉलेजला निघतो म्हणून आम्हाला हे सगळ्यात मोलाचे.

सोबतच्या माणसाला मात्र लंडनचा पास काही देत नाही. रेल्वेने जायचे असेल तर 20 पौंडांचे डिसेबल्ड पर्सन्स रेलकार्ड घ्या. त्यात दिव्यांग व्यक्तीला आणि बरोबरच्या एका मोठ्या माणसाला एक तृतीयांश सूट, आणि वेळेची अडचण नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही हे मिळते. आपल्याकडे कानाचे कोणी कबूल करत नाही ते सोडा.

चाकाची खुर्ची आणि लिफ्ट (हाउन्सलो, अगदी थोडक्यात)

सगळ्या बसचा तळ बसका आहे. मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो, बाहेर निळे बटण असते. खुर्चीची जागा एकच, आणि त्या जागेवर बाबागाडीपेक्षा खुर्चीचा हक्क आधी. या विषयावर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल झालेला आहे : ड्रायव्हरने नुसते एकदा विनवून गप्प बसणे पुरेसे नाही. भांडायला लाजू नका.

ट्यूबच्या फक्त साधारण एक तृतीयांश स्थानकांना पायऱ्यांशिवाय जाता येते. नकाशात खुर्चीची खूण पाहूनच निघा. ट्यूबला मदत आधी सांगावी लागत नाही, तिथे जाऊन मागायची. "प्लीज ऑफर मी अ सीट" हा निळा बिल्ला फुकट मिळतो, डॉक्टरचा कागद लागत नाही. आमची आई तो साडीला सेफ्टी पिनने लावते.

संस्कार आणि बस (डॉलिस हिलजवळच्या काकू)

सगळे पैशांचे लिहितील, मी वेगळे लिहिते.

पास आला की आजी-आजोबा मुलाच्या गाडीची वाट पाहत बसत नाहीत. हा फरक फार मोठा आहे. पूर्वी गणपतीच्या आरतीला मंडळात यायचे तर सुनेची शिफ्ट, मुलाचा कॉल, नातवाची पोहण्याची शिकवणी या सगळ्यांतून सवड काढावी लागे. आता हळदीकुंकवाला पाच-सहा जणी मिळून बसने येतात, डबे घेऊन, मोठ्याने बोलत. लोक पाहतात, पाहू देत.

आणि नातवंडे! अकरा वर्षांखालच्या मुलाला बसला पैसे पडत नाहीत, मोठ्यांबरोबर ट्यूबलाही नाही. शाळेतून आजीने आणायचे, डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायची आणि घर येईपर्यंत मराठीतच बोलायचे. शनिवारच्या मराठी वर्गात जे होत नाही ते या वाटेवर होते. आजकालच्या आयांना वाटते की मोबाइलवर श्लोक लावले की संस्कार झाले. नाही होत. मुलांना आजीचा आवाज, आजीचा हात आणि आजीच्या पिशवीतला लाडू लागतो. आपण परदेशात राहतो म्हणून आपली माणसे घराच्या कोपऱ्यात बसवायची नसतात. माझ्या मते फ्रीडम पास हा आपली संस्कृती टिकवण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे आणि तो प्रत्येक घराने वापरलाच पाहिजे. (काकूंचा मजकूर याहून बराच लांब होता. तिळगूळ, साडी आणि आजकालच्या लग्नांबद्दलचा भाग गाळला. – संकलक)

कागदपत्रांबद्दल संकलकाची भर

आई-वडील मुलाच्या घरात राहतात. वीज, पाणी, कौन्सिल टॅक्स सगळे मुलाच्या नावावर. मग पत्त्याचा पुरावा मागितला की हातात काहीच नसते. म्हणून कायम राहायला आलेल्या ज्येष्ठांचे बँक खाते आणि जीपीची नोंदणी पहिल्याच महिन्यात करावी. तिथून येणारे त्यांच्या नावाचे प्रत्येक पत्र जपून ठेवावे, पाकिटासकट फेकू नये.

दुसरी गोष्ट नावांची. पासपोर्टवर "सुमन रामचंद्र", बँकेत नवऱ्याचे आडनाव, जीपीकडे माहेरचे. तिन्हींत नाव एकच हवे, तेही स्पेलिंगसकट. ते आधी सारखे करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये साठीपासूनच बस मोफत आहे, लिव्हरपूलच्या परिसरातही. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत मात्र पेन्शनच्या वयापर्यंत वाट पाहावी लागते. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमहून या वेळी कोणी लिहिले नाही. डायल-अ-राइड आणि टॅक्सीकार्ड या घरापासून नेणाऱ्या दोन सेवांबद्दलही कोणाचा मजकूर आला नाही. त्या वापरणाऱ्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे, दोन ओळी असल्या तरी चालतील.