लांब वाटेचा लहान टप्पा

अमेरिकेत ॲपलाचियन नावाची पायवाट आहे. १९३७ साली पूर्ण झालेली ही वाट चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. इतकी वाट एका दमात चालणे थोड्यांनाच साधते. पुष्कळ लोक तिचे लहान लहान टप्पे करतात.

एका रात्रीसाठी एकटाच निघणारा शहाणा वाटसरू आधी नकाशा पाहतो. झरा कोठे, निवारा किती दूर, सूर्य कधी मावळणार, याचा तो हिशेब करतो. कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे घरी लिहून ठेवतो. कारण रानात एकट्याचा पाय मुरगळला, तर हाक ऐकण्यास कोणी नसते. मग ती चिठ्ठीच त्याच्यासाठी माणसे धाडते.

आभाळ भरून आले, तर तो अर्ध्यातून मागे फिरतो. मुलांनो, यात कमीपणा नाही. वाट तेथेच राहते.